जुना रेकॉर्ड प्लेयर: ओळख, साफसफाई आणि दुरुस्ती

माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून असलेला विजेवरचा रेकॉर्ड प्लेयर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, तो आखडलेला असतो. आतले ग्रीस वाळून घट्ट झालेले असते, रबर कडक झालेले असते आणि स्विचच्या पट्ट्यांवर काळा थर चढलेला असतो; मोटर खरोखर जळलेली असण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. अशी यंत्रे कायमची निकामी होतात ती माळ्यावरून खाली आल्यानंतर, उत्साहाच्या पहिल्या अर्ध्या तासात. कोणीतरी लगेच प्लग लावतो, तबकडी ठेवायची थाळी फिरत नाही म्हणून तिला हाताने जोर देतो, सुईचा दांडा म्हणजे टोनआर्म हलत नाही म्हणून तो ओढतो, आणि पन्नास वर्षे टिकलेला एखादा दाता किंवा केसाएवढी तार त्या झटक्यात तुटते. म्हणून पुढे दिलेला क्रम शक्यतो बदलू नका. आधी ओळख, मग साफसफाई, मग वीज आणि सर्वांत शेवटी आवाज.

हा लेख साधारण १९५५ ते १९८५ या काळातल्या विजेवरच्या प्लेयरसाठी आहे. चावीचा ग्रामोफोन हे निराळे यंत्र असून त्याच्या पोलादी सुया आणि स्प्रिंग यांचा विचार येथे केलेला नाही.

साधने आणि साहित्य

लहान पेचकसांचा संच, टोकदार चिमटा, मल्टीमीटर, जुन्या पद्धतीचा तारेचा म्हणजे फिलामेंटचा बल्ब आणि होल्डर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश, शिलाई मशीनचे तेल, पांढरे लिथियम ग्रीस, इलेक्ट्रिकल संपर्क साफ करण्याचा स्प्रे, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जवाहिरे वापरतात तसले भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा एवढ्यावर काम भागते. कपॅसिटर, वायर, आरसीए सॉकेट यांसारख्या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. गंज सोडवण्यासाठी घरोघरी असलेला पातळ स्प्रे मात्र या कामात आणू नका. तो वंगण म्हणून टिकत नाही आणि रबरावर उडाला तर थाळी घसरू लागते.

यंत्राची सर्व्हिस मॅन्युअल मिळाली तर निम्मे काम सोपे होते. व्हिनाइल इंजिन या संकेतस्थळावर जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांचा मोठा साठा आहे, परंतु त्यासाठी मॉडेलचे नेमके नाव हाती असावे लागते.

१. यंत्राची ओळख पटवा

पेटीवरचे नाव आणि आतल्या यंत्राचे नाव एकच असेल असे धरून चालू नका. रेडिओग्राम आणि सुटकेससारखे प्लेयर बनवणाऱ्या अनेक कंपन्या लाकडी पेटी, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर स्वतः बनवत, पण थाळी, मोटर आणि टोनआर्म असलेला सगळा सांगाडा इंग्लंडमधल्या गॅरार्ड किंवा बीएसआर यांच्याकडून घेत. त्यामुळे पेटीवर रेडिओ कंपनीचा बिल्ला असला तरी सुटा भाग शोधताना तो शोधायचा असतो गॅरार्डच्या किंवा बीएसआरच्या मॉडेल क्रमांकावरून. हा क्रमांक कधी टोनआर्मजवळच्या पट्टीवर, कधी थाळीखाली, तर कधी सांगाड्याच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. कागद असल्यास पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या, कारण त्यावरची शाई अल्कोहोलने उडते.

यानंतर थाळी कशाने फिरते ते पाहा. याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मोटरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पितळी पुलीला एक रबरी चाक टेकते आणि तेच चाक थाळीच्या आतल्या कडेला टेकून तिला फिरवते. या चाकाला आयडलर म्हणतात. १९५० ते १९७० या दोन दशकांतले बहुतेक घरगुती प्लेयर या जातीचे आहेत. दुसऱ्या प्रकारात मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. तिसऱ्या प्रकारात मोटरच थाळीच्या आसाशी असते. टेक्निक्सचे १९७२ साली आलेले एसएल-१२०० हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. निवड करायची झाली, तर नवख्या माणसाने शिकण्यासाठी आयडलरचे यंत्र घ्यावे असे मी सांगेन, कारण त्यातले सगळे काही डोळ्यांना दिसते आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट जवळजवळ नसते.

वेगांची यादीही लगेच पाहून ठेवा. कोलंबिया कंपनीने ३३⅓ वेगाची, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एलपी १९४८ साली आणली, आरसीए व्हिक्टरने ४५ वेगाची छोटी तबकडी १९४९ साली आणली आणि पाश्चात्त्य देशांत त्यानंतर ७८ची तबकडी मागे पडत गेली. आपल्याकडे मात्र लाखेच्या ७८च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे मराठी घरातल्या चळतीत नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्या, भावगीतांच्या ४५च्या ईपी आणि ख्यालगायनाच्या एलपी अशी सरमिसळ असते. तुमच्याकडे ७८ वेगाचे यंत्र असेल तर दिसायला ते सामान्य असले तरी टाकून देऊ नका. नंतरच्या काळातल्या चकचकीत यंत्रांत हा वेग बहुधा नसतोच.

व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी हा ओळखीतला असा भाग आहे की जो सर्वाधिक वेळा सुटतो. अमेरिकेतून कोणी यंत्र आणले असेल तर ते १२० व्होल्टचे असते, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि त्यासाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही आणला जातो. परंतु ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असल्यामुळे एसी मोटरचे ते यंत्र येथे सहाव्या हिश्शाने हळू चालते: ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. गाणे साधारण तीन अर्धस्वरांनी खाली येते, म्हणजे काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाताना ऐकू येते आणि तीही रेंगाळत. उलट, येथला प्लेयर आठवण म्हणून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला नेला तर तिकडे तो एक पंचमांश जलद धावतो. उपाय एकच, योग्य फ्रीक्वेन्सीची पुली मिळवणे. गॅरार्ड, ड्युअल, थोरेन्स यांसारख्या कंपन्यांनी दोन्ही प्रकारच्या पुल्या बनवल्या होत्या आणि त्या आजही शोधल्यास सापडतात. बॅटरीवरचे, डीसी मोटरचे किंवा क्वार्ट्झवर चालणारे यंत्र असेल तर ही अडचण येत नाही, केवळ व्होल्टेज सांभाळावे लागते.

ज्यांना यंत्र विकत घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, ‘चालू आहे’ या शब्दांचा अर्थ थाळी फिरते एवढाच घ्यावा. टोनआर्म हळूच वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. तो कुठेही अडखळता कामा नये आणि बेअरिंगमध्ये खुळखुळता कामा नये. मोटर, रबर, सुई यांचे काहीतरी करता येते. वाकलेला टोनआर्म आणि त्याच्या टोकाचे, सुई बसते ते, तुटलेले हेडशेल यांचे सहसा करता येत नाही.

२. विजेची तपासणी

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरीही ती टाळू नका. मल्टीमीटरने प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. यंत्राचा स्विच चालू स्थितीत असताना २३० व्होल्टच्या लहान मोटरचा रोध साधारणपणे शेकड्यांत येतो. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, काहीच आला नाही तर तार, स्विच किंवा मोटरचे वेटोळे कुठेतरी तुटले आहे. त्यानंतर अर्थची पिन सोडून प्लगची प्रत्येक पिन आणि धातूचा सांगाडा यांच्यामधला रोध पाहा. तेथे मीटरने काहीही दाखवता कामा नये.

स्वस्तातल्या काही जुन्या व्हॉल्व्हच्या प्लेयरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसे आणि विजेची एक तार थेट सांगाड्याला जोडलेली असे. प्लग उलटा लागला की पेटीतले सगळे उघडे लोखंड, स्क्रूसकट, २३० व्होल्टवर येते. असे यंत्र हाती आले तर ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडे न्या, स्वतः उघड्या स्थितीत चालवू नका, आणि त्याला परस्पर अर्थिंग जोडण्याचाही प्रयत्न करू नका.

कापडी वेष्टणाची किंवा तडकलेली वायर असेल तर ती सरळ बदला. स्विचला समांतर जोडलेला छोटा कपॅसिटरही बदला. तो ठिणगी शमवण्यासाठी असतो आणि जुना झाल्यावर तो एक तर धूर काढतो किंवा शॉर्ट होऊन स्विच बंद केला तरी मोटर चालू ठेवतो. नवा कपॅसिटर त्याच मूल्याचा, पण एक्स-टू वर्गाचा आणि २७५ व्होल्ट एसीचा घ्या. दुकानदार डीसी व्होल्टचा साधा कपॅसिटर पुढे करतो, तो घेऊ नका.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब वापरा. वायरमन मंडळींकडे ही पाटी तयारच असते: यंत्राच्या वाटेत ६० वॉटचा तारेचा बल्ब एकसरीत जोडलेला. बल्ब मंद राहिला तर ठीक, पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे आणि तुमचे यंत्र वाचले. एलईडी बल्ब येथे चालत नाही. अर्थात ही वीज आताच द्यायची नाही. ती पुढच्या चार पायऱ्या झाल्यावर.

३. थाळी काढा

रबरी चटई उचलली की मधल्या आसाभोवती इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची चपटी क्लिप दिसते. गॅरार्ड, बीएसआर आणि ड्युअल यांच्या अनेक यंत्रांत थाळी या क्लिपने धरलेली असते. पेचकसाने ती सरकवताना दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्यावर दाबून धरा, नाहीतर ती उडून सोफ्याखाली जाते आणि मग दोन तास तिच्या शोधात जातात. क्लिप निघाल्यावर थाळी दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर धरून सरळ वर उचला.

आता लगेच थाळीची खालची बाजू पाहा. आसाभोवती एक पातळ वॉशर, त्यावर बारीक छर्‍यांचे कडे आणि पुन्हा एक वॉशर अशी रचना बहुधा असते, आणि जुन्या ग्रीसमुळे त्यांतला एखादा वॉशर थाळीलाच चिकटून वर येतो. तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने होता हे टिपून ठेवा. एकूणच, प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घेण्याची सवय येथपासून लावा.

४. वाळलेले ग्रीस

आपोआप टोनआर्म उचलणाऱ्या आणि परत आणणाऱ्या यंत्रांत थाळीखाली एक मोठे दातेरी चाक असते. त्याच्या खोबणीत फिरणारी दांडी टोनआर्म हलवते. कारखान्यात त्या खोबणीत भरलेले ग्रीस कालांतराने पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी कडक होते. नखाने खरवडले तर त्याचे पापुद्रे निघतात. टोनआर्म अडकलेला असण्याचे कारण दहांत नऊ वेळा हेच असते. म्हणून अडकलेल्या टोनआर्मवर कधीही जोर करू नका.

जुने ग्रीस अल्कोहोल आणि टूथब्रशने पूर्ण काढा. त्याच्यावर नवे तेल ओतून काम भागवण्याचा मोह होतो, काही दिवस यंत्र चालतेही, पण मऊ झालेला जुना राप तेलाबरोबर वाहत जाऊन रबरी चाकावर पोहोचतो. सरकणाऱ्या पट्ट्या, खिळे आणि खोबणी कोरड्या झाल्यावरच नवे लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा.

एक छोटा भाग मात्र मुद्दाम कोरडाच ठेवायचा आहे. मोठ्या दातेरी चाकावर एक अतिशय हलकी, सैल झुलणारी पट्टी असते. गाणे संपून सुई शेवटच्या खोबणीत वेगाने आत सरकू लागली की टोनआर्मची दांडी या पट्टीला ढकलते आणि परतीची क्रिया सुरू होते. ही पट्टी नुसत्या फुंकरीनेही हलली पाहिजे. तिला ग्रीस किंवा जाड तेल लागले की यंत्र मध्येच परत फिरते किंवा शेवटी परत फिरतच नाही, आणि माणूस उगाच स्प्रिंगा बदलत बसतो.

ड्युअलच्या यंत्रांत टोनआर्म आडवा सरकवण्यासाठी एका मुख्य दांडीच्या टोकावर रबराची इवलीशी नळी असते. ती झिजून पडते आणि मग टोनआर्म उचलला जातो पण आडवा सरकत नाही. एवढ्या एका नळीपायी यंत्रे भंगारात जातात. तिच्या जागी योग्य व्यासाच्या वायरच्या वेष्टणाचा तुकडा बसवता येतो.

सगळे जोडून झाल्यावर थाळी तात्पुरती ठेवा आणि हाताने, घड्याळाच्या दिशेने, हळूहळू फिरवत एक पूर्ण आवर्तन करून पाहा. उलट्या दिशेने फिरवू नका.

५. मोटर

मोटर स्क्रूंनी किंवा स्प्रिंगांनी सांगाड्याला टांगलेली असते आणि मध्ये रबरी बुचे असतात. ती कडक झाली असतील तर बदला, कारण मोटरची घरघर सुईपर्यंत त्यांच्यातूनच पोहोचते. मोटर उघडणार असाल तर आधी तिच्या पत्र्यांवर एका बाजूने टोकदार खिळ्याने उभी रेघ मारा, म्हणजे परत बसवताना भागांची दिशा चुकत नाही. आस अल्कोहोलने पुसा, दोन्ही टोकांची सच्छिद्र पितळी बेअरिंगे शिलाई मशीनच्या तेलात काही तास भिजू द्या आणि जोडल्यावर पेचकसाच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलके टिचके मारा. बेअरिंगे त्यामुळे आसाच्या रेषेत येतात. पुली दोन बोटांनी फिरवून सोडली की ती थोडा वेळ आपली आपण फिरत राहिली पाहिजे. लगेच थांबत असेल तर जोडणी पुन्हा सैल करून कसा.

६. रबराचे भाग

आयडलरच्या कडेवरून बोट फिरवा. ती चकचकीत आणि गुळगुळीत लागली तर रबर घसरते आहे. अल्कोहोलने पुसा, मग चाक फिरवत ठेवून पॉलिश पेपर कडेला हलका टेकवा. चमक जाऊन कड एकसारखी मंद काळी दिसली की थांबा. पुलीची बाहेरची बाजू आणि थाळीची आतली कडही अल्कोहोलने पुसा. या तिन्ही जागी तेलाचा थेंबही नको. चाकाच्या मधल्या खिळ्याला मात्र एक थेंब द्या.

यंत्र वर्षानुवर्षे वेगाच्या खिट्टीसह ‘चालू’ स्थितीत पडून असेल तर रबरी चाक पुलीला दाबलेले राहते आणि त्यावर खड्डा पडतो. उथळ खड्डा घासून जातो, खोल असेल तर चाकाला नवे रबर चढवून घ्यावे लागते किंवा चाकच बदलावे लागते. रबर पुन्हा मऊ करणारी रसायने विकली जातात. त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही: रबर काही काळ मऊ होते, पण असमान फुगते आणि चाकाची गोलाई जाते.

पुलीच्या पायऱ्यांपैकी सर्वांत जाड पायरी ७८ची आणि सर्वांत बारीक, यंत्रात तो वेग असेल तर, १६ची असते. वेगाची खिट्टी फिरवली की चाक वर-खाली होते. ते पायरीच्या बरोबर मध्यावर टेकते का, शेजारच्या पायरीची कड घासत नाही ना, हे वाकून डोळ्यांच्या रेषेत पाहा. उंची जुळवण्यासाठी एक स्क्रू जवळपास असतोच.

पट्ट्याचे यंत्र असेल तर जुन्या पट्ट्याच्या लांबीवरून नवा मागवू नका, कारण जुना ताणलेला असतो. मॉडेल क्रमांकावरूनच मागवा. काही पट्टे वितळून काळा चिकट लगदा झालेले सापडतात. तो आधी कागदाने टिपून घ्या, मग अल्कोहोल वापरा, आणि हातमोजे घाला. तो डाग कपड्यांवरून जात नाही.

७. वेग तपासा

आता सिरीज बल्बमधून वीज द्या, सर्व ठीक असल्यास थेट द्या, आणि यंत्र दहा-पंधरा मिनिटे फिरू द्या. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून फेरे मोजा: ३३⅓ वेगावर ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. याहून नेमके काम स्ट्रोबोस्कोप तबकडीने होते. कागदावर छापलेल्या या तबकडीवर ५० हर्ट्झसाठी ३३⅓ वेगाच्या १८० रेघा, ४५ च्या १३३ आणि ७८ च्या ७७ रेघा असतात. विजेच्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर त्या रेघा स्थिर दिसतात. छापून घेताना ती ६० हर्ट्झची तर नाही ना ते पाहा, तिच्यावर २१६ रेघा असतात. आणखी एक खोच अशी की, सध्याचे अनेक एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेघा दिसत नाहीत. तोच तारेचा बल्ब येथे पुन्हा कामी येतो.

८. सुई आणि कार्ट्रिज

तबकड्यांचे आयुष्य या एका पायरीवर अवलंबून आहे, म्हणून येथे सवड काढा.

प्रथम कार्ट्रिज, म्हणजे सुईचे कंपन विजेच्या लहरीत बदलणारा टोनआर्मच्या टोकाचा भाग, कोणत्या जातीचे आहे ते ओळखा. जुन्या घरगुती प्लेयरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असते. क्रिस्टलमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असतो आणि तो दमट हवेत मरतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत काही दशके काढलेल्या क्रिस्टल कार्ट्रिजकडून फारशी आशा ठेवू नये. आवाज अगदी क्षीण किंवा चिरका आला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये शोधण्याआधी येथे पाहा. सिरॅमिक कार्ट्रिजला ओलाव्याची ही बाधा नसते आणि क्रिस्टलच्या जागी ते बहुधा चालते. चुंबकीय कार्ट्रिज नंतरच्या आणि महागड्या यंत्रांत सापडते.

यानंतर सुईची जाडी. एलपी आणि ४५ साठी सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ ते २५ मायक्रॉन, तर ७८ साठी ६५ ते ७५ मायक्रॉन लागते. ७८ची सुई एलपीवर टेकली तर एलपीची खोबण कायमची खरवडली जाते. एलपीची सुई ७८वर टेकली तर ती रुंद खोबणीच्या तळाशी धुळीत लोळते, खरखर ऐकू येते आणि लाखेतल्या खनिज भुकटीने सुईही झिजते. अनेक सिरॅमिक कार्ट्रिजना एक छोटी खिट्टी असते, ती उलटली की दुसरी सुई पुढे येते. दोन्ही सुया भिंगाखाली पाहा. टोक एका बाजूने सपाट झालेले दिसले तर ती सुई लगेच बाद करा, तबकडीवर ‘एकदा चालवून पाहू’ नका. नवी सुई घेताना नीलमण्याची न घेता हिऱ्याची घ्यावी. किंमत जास्त असली तरी ती कितीतरी पट टिकते. स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून बाजारात आल्या. त्याआधीच्या जातीचे मोनो कार्ट्रिज असेल आणि त्याची सुई उभ्या दिशेने हलत नसेल, तर स्टिरिओ एलपी त्याखाली ठेवू नका.

कार्ट्रिजमागच्या चार तारांचे रंग ठरलेले आहेत. पांढरी डाव्या बाजूची, निळी डाव्याची परतीची, तांबडी उजव्या बाजूची आणि हिरवी उजव्याची परतीची. त्या चिमट्याने मुळाशी धरून काढा. कार्ट्रिजच्या पिनेवर सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेने आतला भाग जातो.

वजन काट्यावर मोजा. सिरॅमिकसाठी बहुधा ४ ते ६ ग्रॅम, चुंबकीयसाठी दीड ते ३ ग्रॅम, आणि नेमका आकडा कार्ट्रिजच्या पुस्तिकेतला. काट्याचे पान तबकडीच्या उंचीवर असावे. चुंबकीय कार्ट्रिज काट्याच्या पोलादी पानाकडे ओढले जाते आणि आकडा चुकतो, म्हणून पानावर प्लॅस्टिकचा जाड तुकडा ठेवून आधी काटा शून्यावर आणा. वजन कमी ठेवले म्हणजे तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती ठोकत जाते. नव्या पद्धतीचे नाजूक चुंबकीय कार्ट्रिज आणून तबकड्या आपोआप बदलणाऱ्या जुन्या ऑटोचेंजरच्या जड टोनआर्मला लावण्याच्या फंदातही पडू नये. तो टोनआर्म ज्या वजनासाठी घडवला, त्याच वजनावर तो चांगला वागतो.

९. ॲम्प्लिफायरची जोडणी

चुंबकीय कार्ट्रिज काही मिलिव्होल्टच देते आणि त्याला ‘फोनो’ हेच इनपुट लागते, कारण १९५४ साली प्रमाण ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार खर्ज वाढवण्याचे आणि तीव्र स्वर उतरवण्याचे काम तेथे होते. ते ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला, जोडले तर आवाज बारीक आणि पोकळ येतो. सिरॅमिक उलट काही शे मिलिव्होल्ट देते. ते फोनोला जोडले तर आवाज फाटतो, म्हणून ते ऑक्सला जोडा. तेथेही आजच्या ॲम्प्लिफायरवर खर्ज कमी वाटेल, कारण सिरॅमिकला १० लाख ओहमच्या आसपासचा भार हवा असतो आणि ऑक्सचा भार त्यामानाने फारच कमी असतो. एखाद्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून एका ट्रान्झिस्टरचे छोटे बफर सर्किट करून घेतले की ही उणीव जाते.

एकच बाजू वाजत असेल तर सुट्या तारांआधी टोनआर्मखालच्या म्यूटिंग स्विचवर, म्हणजे टोनआर्म परत फिरताना आवाज तोडणाऱ्या स्विचवर, संशय घ्या. त्याच्या पट्ट्या काळवंडतात. स्प्रे मारून चारपाच वेळा उघडझाप केली की बहुधा आवाज येतो. गुंईं असा सतत नाद येत असेल तर टोनआर्मची अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूला जोडली आहे का ते पाहा.

१०. पहिली तबकडी

तबकडी आधी स्वच्छ करा. येथे सर्वांत महाग पडणारी चूक अशी होते की, यंत्र पुसायला आणलेले अल्कोहोल लोक ७८च्या तबकडीवरही वापरतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी डोळ्यांदेखत जाते. लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रावणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड एवढेच वापरा, कागदी लेबल भिजू देऊ नका आणि लगेच कोरडी करा.

परीक्षेसाठी तंबोऱ्याची साथ स्पष्ट ऐकू येणारी, आधीच चरे पडलेली एखादी एलपी घ्या. वेगातला लहानसा चढउतारही लांबलेल्या षड्जात लगेच कळतो, जो वाद्यवृंदाच्या गाण्यात लपून जातो. स्वर दर १.८ सेकंदांनी झोके घेत असेल तर तबकडीचे भोक मध्यावर नाही किंवा ती वाकली आहे. यंत्राचा दोष नाही. त्याहून जलद, एका लयीत ठक ठक येत असेल तर आयडलरवरचा खड्डा शिल्लक आहे. सतत खोल घरघर असेल तर मोटरची रबरी बुचे. गाणे सुरुवातीला बरोबर आणि दहा मिनिटांनी मंद होत असेल तर मोटरच्या बेअरिंगमध्ये तेल कमी आहे.

ऐकून झाल्यावर यंत्र भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. आयडलरच्या बहुतेक यंत्रांत रबरी चाक पुलीपासून दूर होते ते यंत्राची स्वतःची खिट्टी ‘बंद’वर नेल्यावरच. भिंतीवरून वीज तोडली तर मोटर थांबते, पण चाक दाबलेलेच राहते आणि घासून काढलेला खड्डा पुढच्या सुट्टीपर्यंत पुन्हा पडलेला असतो.